शेततळ्यात पाणी किती?



देवळ्याच्या शिवारात कांदा लावायचा असो की डाळिंब धरायचे असो, शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच : उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरेल का? ज्याच्याकडे शेततळे आहे, तो लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून मोकळा होतो. हा गुणाकार कुठे फसवतो, ते आज पाहू.

आधी आकार ओळखावा. घराखालच्या चौकोनी हौदाच्या भिंती उभ्या असतात. तिथे हा गुणाकार बरोबर. टाकी गोल असेल, तर व्यासाचा निम्मा घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग २२ ने गुणून ७ ने भागा आणि शेवटी खोलीने गुणा. शेततळ्याचे मात्र तसे नाही. काठ उभे ठेवले तर माती ढासळेल, म्हणून ते उतरते ठेवतात. तोंड मोठे, तळ लहान.

राज्य सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. तिच्यातले सर्वांत मोठे माप घेऊ : तोंडाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि खोली ३ मीटर. सरळ गुणाकार येतो २७०० घनमीटर. पण काठ एकास एक उताराचा धरला, तर मीटरभर खाली गेले की प्रत्येक बाजू मीटरभर आत येते. तळ उरतो २४ मीटर लांब-रुंद.

आता रीत ऐका. तोंडाचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६. खोलीच्या मध्यावर बाजू २७, तिथले क्षेत्रफळ ७२९. ते चौपट घ्यावे, २९१६. तिन्हींची बेरीज ४३९२. तिला ६ ने भागून खोलीने गुणा : २१९६ घनमीटर. बाकीचे ५०४ घनमीटर, म्हणजे पाच लाख चार हजार लिटर पाणी, नुसते कागदावरचे!

ही रीत आपल्या घरचीच आहे बरं का. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त खड्ड्यांच्या मापाचे ‘खातव्यवहार’ हे प्रकरण आहे, त्यात ती सांगितली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने मठ काढला, तो चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथला शिलालेख १२०७ सालचा. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना दोरी घेऊन एखाद्या कोरड्या तळ्यावर न्यावे. हा धडा फळ्यापेक्षा तिथे लवकर समजेल.

आणखी एक गोष्ट. तळे काठोकाठ भरत नाहीत. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडला, तर पाणी उरते सुमारे १७६० घनमीटर. एकरभर रानाला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला जवळजवळ २०० घनमीटर लागते. २७०० च्या भरवशावर तुम्ही १३ पाळ्या धरल्या असतील; हाती येतील आठ. उन्हाने उडेल आणि जमिनीत झिरपेल ते वेगळेच.

तेव्हा मंडळी, तळे कोरडे आहे तोवर तळाची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहून ठेवा. एकदा पाणी भरले की तळ दिसत नाही. किती एकर लावायचे, ते त्या आकड्यावरून ठरवा.