सेऊलचे राजवाडे : एका दिवसाची सहल

सेऊल नगरीत जोसन राजवंशाचे पाच राजवाडे आहेत. ते पाचही एका दिवसात दाखवितो असे सांगणारा वाटाड्या भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा हे उत्तम. पाय दुखतील आणि लक्षात छपरे तेवढी राहतील. जाणते वाटाडे दिवसभरात दोन राजवाडे, एक जुनी वस्ती आणि एक पितृमंदिर एवढेच दाखवितात. तेवढ्यातही पाचशे वर्षांचा इतिहास पाहुण्याच्या पदरात पडतो.

सहलीचा आरंभ बहुधा ग्वांगह्वामुन या महाद्वारासमोरील विस्तीर्ण चौकात होतो. तेथे दोन पुतळे आहेत. एक सागरसेनापती यी सुनशिन याचा, १९६८ साली उभारलेला. दुसरा राजा सेजोंग याचा, २००९ सालचा. सेनापतीने जपानी आरमाराला पाणी पाजले. राजाने प्रजेला अक्षरे दिली. १४४३ साली सिद्ध झालेली आणि १४४६ साली प्रसिद्ध केलेली हानगुल ही लिपी सेजोंगची देणगी होय. तोवर कोरियन माणसाला लिहावयाचे तर चिनी चित्राक्षरांचे अरण्य ओलांडावे लागे, आणि ते सामर्थ्य थोड्या विद्वानांपाशीच असे. सेजोंगने अठ्ठावीस अक्षरे योजिली. त्यांपैकी चोवीस आज वापरात आहेत. उच्चारताना जीभ, ओठ व कंठ यांची जी ठेवण होते तिच्यावरून मूळ व्यंजनांच्या आकृती बेतल्या आहेत. कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य अशी वर्णांची वर्गवारी लहानपणीच घोकलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटणार नाही.

महाद्वाराची कथा मात्र सुखाची नाही. ते १५९२ च्या जपानी स्वारीत जळाले. पुढे पुन्हा बांधले गेले. विसाव्या शतकात जपानी राज्यकर्त्यांनी ते मूळ जागेवरून उचलून वाड्याच्या पूर्वेस नेऊन ठेविले. १९५० ते १९५३ च्या युद्धात त्याचा लाकडी भाग पुन्हा जळाला. त्या युद्धात सेऊल शहर चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. येथे एक गोष्ट आठवते. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास राजी नसलेल्या युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी भारताने जे सैन्य कोरियात पाठविले, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात हे कोल्हापूरकडचे होते. १९६८ साली हे द्वार सिमेंट-काँक्रीटचे झाले, आणि २०१० साली ते पुन्हा लाकडाचे होऊन आपल्या मूळ जागी आले. त्या प्रसंगी लाविलेल्या नामफलकाला काही महिन्यांतच तडा गेला. तडा लाकडाला गेला, पण वाद वृत्तपत्रांत पेटला. फलक चिनी अक्षरांत असावा की हानगुलमध्ये, हा प्रश्नही त्यासोबत वर आला. २०२३ साली काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी चिनी अक्षरांचा नवा फलक लागला. समोरच्या चौकात सेजोंग बसलेला असताना त्याच्या पाठीमागे चिनी अक्षरे झळकावीत, हे पुष्कळांना अजून रुचलेले नाही.

द्वाराच्या आत ग्योंगबोकगुंग हा मुख्य राजवाडा. जोसन घराण्याचा संस्थापक यी सोंग-ग्ये याने तो १३९५ साली बांधविला. मागे पर्वत, पुढे वाहते पाणी अशी जागा शोधून मगच पाया घातला गेला. वास्तूचे शुभाशुभ पाहण्याची ही विद्या तेथे फार जुनी आहे. वाड्याला आणि त्याच्या दालनांना नावे दिली ती जोंग दो-जोन या मंत्र्याने. सिंहासनाच्या दालनाचे नाव गुंजोंगजोन; उद्योगी राजाचा कारभार सुरळीत चालतो, असा त्याचा भाव. नावे ठेवणारा हा विद्वान तीन वर्षांनी, १३९८ साली, राजपुत्रांच्या कलहात मारला गेला. १५९२ साली शत्रू चाल करून आला तेव्हा राजा राजधानी सोडून उत्तरेस निघून गेला आणि वाडा भस्म झाला. तो शत्रूने जाळला की मागे टाकलेल्या संतप्त प्रजेने, याविषयी एकमत नाही. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे तेथे ओसाड रान होते. १८६५ ते १८६८ या काळात बालराजाचा पिता दैवोनगुन याने तो पुन्हा उभारला.

पुनश्च उभारलेला हा वाडा अर्धे शतकही सुखाने नांदला नाही. १८९५ च्या ऑक्टोबरात जपानी मारेकऱ्यांनी याच आवारात शिरून राणी म्योंगसोंग हिची हत्या केली आणि तिचा देह जाळला. १९१० साली देशच जपानच्या घशात गेला. इमारती मोडून विकल्या गेल्या, आणि १९२६ साली सिंहासनाच्या दालनापुढेच, वाडा रस्त्यावरून दिसूच नये अशा बेताने, जपानी गव्हर्नर-जनरलची दगडी कचेरी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतरही ती पडली नाही. १९४८ साली प्रजासत्ताकाची घोषणा तिच्याच प्रांगणात झाली. पुढे तेथे सरकारी कार्यालये होती, आणि १९८६ पासून राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय. तेव्हा ती पाडावी की राखावी? अपमानाची खूण म्हणून पाडा, असे एक पक्ष म्हणे. इतिहासाची साक्ष म्हणून राखा, असे दुसरा. दोन्ही बाजूंस विचारी माणसे होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्ततेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तिच्या घुमटाचा कळस उतरविण्यात आला, आणि पुढील वर्षी इमारत नामशेष झाली.

आज पाहुणा जेथून आत जातो ती जागा म्हणजे त्या कचेरीचीच जागा. म्हणूनच "यातले जुने किती आणि नवे किती?" हा प्रश्न येथे वारंवार विचारला जातो. चांगल्या मार्गदर्शिका तो चुकवीत नाहीत. हे दालन १८६७ चे, ते द्वार २००१ चे, असे त्या सरळ सांगतात. १९९० पासून हे पुनर्निर्माणाचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. जुन्या लाकडाचा मोह असणाऱ्याची यात थोडी निराशा होते; पण जे हट्टाने मोडले गेले ते हट्टानेच उभारले जात आहे, हे ध्यानात आले म्हणजे नव्या रंगाचा वासही सुसह्य होतो.

दालनासमोरच्या अंगणातील खडबडीत फरशी पाहण्यासारखी आहे. त्या अंगणात दुतर्फा छोटे शिलालेख उभे आहेत. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोठे उभे राहावयाचे ते त्यांवर कोरलेले असते. मुलकी अधिकारी पूर्वेस, लष्करी पश्चिमेस. शामियान्याच्या दोऱ्या बांधावयाच्या लोखंडी कड्या अजून जागच्या जागी आहेत. पश्चिमेच्या तलावात अठ्ठेचाळीस दगडी खांबांवर ग्योंगह्वेरू नावाचा मेजवानीचा मंडप उभा आहे. त्याचे बाहेरचे खांब चौकोनी, आतले गोल. पृथ्वी चौकोनी आणि आकाश वाटोळे, या जुन्या समजुतीला धरून.

वाड्यात हानबोक हा राष्ट्रीय पोशाख घालून येणाऱ्यास प्रवेशशुल्क माफ आहे. आखूड चोळीवजा जोगोरी आणि तिच्याखाली पायघोळ छिमा हा स्त्रियांचा वेश. पुरुषांना सैल बाजी. आसपासच्या गल्ल्यांत हे कपडे तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. मात्र भाड्याच्या कपड्यांत जरीचा चकचकाट आणि घागऱ्याखाली तारांची वर्तुळे असतात, ही जुन्या शिंप्यांची तक्रार खोटी नव्हे.

पूर्वेच्या वाटेने चढले की बुकछोनची वस्ती लागते. कौलारू छपरांची ही हानोक घरे पाहून पाहुणा पाचशे वर्षे मागे गेल्याची कल्पना करतो. वस्तुतः यातील बरीच घरे १९३० च्या सुमारास, सरदारांचे मोठे वाडे पाडून लहान लहान भूखंडांवर बांधलेली आहेत. जपानी वसाहत शहराच्या उत्तरेकडे पसरू लागली असताना कोरियन कुटुंबांना परवडतील अशी कोरियन घरे तेथे उभी राहिली, हे त्यांचे खरे महत्त्व. घरात जोडे बाहेर काढूनच जावयाचे. जमिनीखालून उष्ण धूर फिरवून फरशी तापविण्याची ओंदोल पद्धती ही कोरियन गृहरचनेतील मोठी युक्ती. चूल स्वयंपाकघरात, ऊब शेजघरात. एकाच जळणात दोन्ही कामे होतात. म्हणून बसणे, जेवणे, निजणे सारे जमिनीवरच.

पण या घरांत माणसे राहतात. त्यांच्या खिडक्यांतून कॅमेरे डोकावू लागले, दारे ठोठावली जाऊ लागली, आणि कित्येकांनी घर सोडले. अखेरीस १ नोव्हेंबर २०२४ पासून तेथील सर्वांत गजबजलेल्या भागात सायंकाळी पाचपासून सकाळी दहापर्यंत प्रवाशांना मज्जाव झाला, आणि २०२५ च्या मार्चपासून दंडही बसविण्यात आला. चढावर पाट्या घेऊन "हळू बोला" अशी विनंती करणारे लोक उभे दिसतात. मार्गदर्शिकाही तेथे आवाज खाली आणतात. ज्या वाटाड्याचा आवाज खाली येत नाही, त्याच्याबरोबर पुढे जाऊ नये.

दुपारच्या जेवणाविषयी शाकाहारी श्रोत्यांना एक सूचना हवी. किमची ही कोबीची असली तरी तिच्यात बहुधा मुरविलेली मासळी असते. बौद्ध मठांच्या पद्धतीचे जेवण मिळाल्यास ती चिंता राहत नाही. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतात, अगदी आपल्याकडील चातुर्मासासारखे. भाताची वाटी हातात उचलून खाणे तेथे असभ्य समजतात, आणि वडील माणसाने चमचा उचलल्याखेरीज धाकटे जेवावयास आरंभ करीत नाहीत. वडिलांना काही द्यावयाचे तर दोन्ही हातांनी.

दुसरा राजवाडा छांगदोकगुंग, १४०५ सालचा. पहिला वाडा सपाटीवर रेषा आखून बांधला. हा डोंगराच्या कलाने वळत गेला. त्याच्या मागील उद्यानात प्रवेश मोजक्यांनाच. आणि हा नियम उद्यानाच्या पथ्यावरच पडला आहे. चौकोनी तळे, मध्ये वाटोळे बेट, काठावर १७७६ साली राजा जोंगजो याने बांधविलेली ग्रंथशाळेची दुमजली वास्तू. राजा येथे मंत्र्यांसह काव्यविनोद करी आणि ज्याला वेळेत कविता जमत नसे त्याला थट्टेने त्या बेटावर हद्दपार करी, असे सांगतात. पुढे एका अखंड शिळेतून कोरलेले दार आहे. त्याखालून जाणारा म्हातारा होत नाही म्हणे. वयस्क प्रवासी तेथून दोनदा जाताना दिसतात.

दिवसाचा शेवट जोंगम्यो या पितृमंदिरात. दगडी वाटेचे तीन भाग आहेत. मधला उंचवटा पितरांचा, त्यावर पाऊल टाकावयाचे नाही. मुख्य मंदिर शंभर मीटरांहून लांब, बिननक्षीचे. त्याची एकोणीस दालने आहेत, आणि त्यांत राजे व राण्या यांच्या एकोणपन्नास स्मृतिफलकांचे वास्तव्य आहे. दुरुस्तीसाठी हलविलेले हे फलक २०२५ च्या एप्रिलात मिरवणुकीने परत आणले गेले. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी राजवंशातील वंशज येथे श्राद्धविधी करतात. त्या वेळचे संगीत मूळ सेजोंगने रचिलेले, आणि १४६४ पासून या विधीत वाजणारे. संगीताच्या आरंभी लाकडी पेटीत दांडा आपटतात. शेवट करण्यासाठी पांढऱ्या लाकडी वाघाच्या डोक्यावर वेताने प्रहार करून त्याच्या दातेरी पाठीवरून तो वेत ओढतात. तो खरखराट विरला की घंटा, शिळा, बासऱ्या सारे थांबते. एकोणिसाव्या दालनात शेवटचा सम्राट सुनजोंग आहे. त्यापुढे दालन नाही.