कपाटातील विद्या शिवारात कशी जाईल?

(गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत शाळामास्तरांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत चालकांनी पुस्तकांची संख्या सांगावी व आपण टाळ्या वाजवाव्या, असा प्रघात आहे. पण आज मी आपणांपुढे माझी एक चूक कबूल करण्यास उभा आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या गावातील एका बांधवाचे तीन एकर सोयाबीन उगवलेच नाही. बियाणे घरचे होते. बिचाऱ्याने उसनवारी करून दुबार पेरणी केली. कोणी दैवाला बोल लावला, कोणी म्हणाले नजर लागली. पुढे दिवाळीत कपाट झाडताना शेतीचे एक पुस्तक माझ्या हाती लागले. त्यात बियाणे पारखण्याची रीत छापलेली! पुस्तक वर्षभर कपाटात होते आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती.

ती रीत अगदी साधी आहे. पोत्यातून सरसकट १०० दाणे मोजून घ्यावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडावे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व सावलीत ओल राखून ठेवावी. सातव्या दिवशी चांगले कोंब मोजावे. ७० किंवा अधिक आले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे; थोडे कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे; फारच कमी आले तर ते पेरूच नये. खर्च काय? शंभर दाणे आणि तांब्याभर पाणी!

कोणी म्हणेल, "मास्तर, दिवसभर राबल्यावर पुस्तक धरायला डोळे कोठून आणावे?" खरे आहे. पण श्रावणात आपण पोथी लावतो, तेव्हा प्रत्येकाच्या हाती पोथी असते काय? एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, सारे ऐकतात. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यातील भाग जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो त्यांच्या तोंडून ऐकला. याच महाराजांनी १९१० पासून आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालये उभारविली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत धाडल्या. वाचक येत नसेल तर पुस्तकाने त्याच्या दारी जावे, हा त्यातील बोध.

मात्र पोथी आणि शास्त्र यांत एक भेद आहे. पोथीपुढे आपण हात जोडतो. शास्त्राला प्रश्न विचारायचा असतो. विद्यापीठाने छापले म्हणून मानू नका, मास्तर सांगतो म्हणूनही मानू नका. बांधाच्या कडेला दोन ओळी पेरून पाहा.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दर शनिवारी रात्री चावडीवर हंगामाचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे. तेथे सुतारदादांनीही यावे. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरांहून खोल पडू नये, हे पाभर जुळविणाऱ्याला ठाऊक हवे. बियाणे राखणाऱ्या आयाबहिणींनी तर पुढे बसावे. दुसरी, कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिक आणि राहुरी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' वाचनालयात नेमाने यावी. तिसरी, एक वही ठेवावी. कोणी काय करून पाहिले, काय साधले, काय फसले, ते तीत लिहावे. आपल्या मातीचे ते पुस्तक दुसरे कोणी लिहिणार नाही.

बांधवांनो, एके काळी विद्येला जातीचे कुलूप होते. ते तोडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी अपमान सोसले. आज तिला कपाटाचे कुलूप लावणारे आपणच ठरलो, तर दोष कोणाला द्यावा?

ही किल्ली मी आज सभेच्या स्वाधीन करतो. येत्या शनिवारी गोणपाट घेऊन या. दाणे मीच मोजीन.