तापानंतरची नाडी आणि मर्दनाचा हात



विषाणूंचा ताप उतरतो, परंतु कित्येकांची प्रकृति पूर्वपदावर येत नाहीं. २०२० सालच्या कोविडच्या साथीनंतर हा अनुभव पुष्कळांस आला. उभें राहतांच छाती धडधडते, डोळ्यांपुढें अंधारी येते. घरचीं माणसें मात्र ह्याला आळस म्हणतात.

हा आळस नव्हे. हृदयाची गति व रक्तवाहिन्यांचा संकोच आपल्या इच्छेवांचून सांभाळणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, तिचा तोल सुटलेला असतो. उभें राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतें. वाहिन्या पुरेशा आकुंचन न पावल्यास हृदयास धांवावें लागतें. प्रौढाची नाडी उभें राहिल्यापासून १० मिनिटांच्या आंत मिनिटास ३० किंवा अधिक ठोक्यांनीं वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब उतरला नाहीं, तर डॉक्टर ‘पॉट्स’ ह्या विकाराचा संशय घेतात.

अशा वेळीं कोणी हस्तोपचार सुचवितात. अमेरिकेंत अँड्र्यू टेलर स्टिल ह्यांनीं १८७४ सालीं पुरस्कारिलेली ऑस्टिओपॅथी ही त्याची एक प्रसिद्ध शाखा. हलक्या हातानें मान, पाठ चोळल्यास स्नायूंचा ताण उतरतो, मनास विसावा मिळतो. हा लाभ थोडा नव्हे. परंतु तेवढ्यानें मूळ विकार बरा होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. मान झटका देऊन मोडून घेणें तर धोक्याचेंच.

म्हणून आधीं नाडी व रक्तदाब तपासून घ्यावा. भरपूर पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्यानें मीठ, पायांस घट्ट मोजे आणि सोसेल तेवढाच, निजून वा बसून करावयाचा व्यायाम, हे मुख्य उपाय. मर्दन त्यांच्या जोडीला असावें, त्यांच्या जागीं नव्हे.