रक्तातलं कुसळ

या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘पूरक प्रथिन’ वाचून काहींना अंगणवाडीतला पूरक आहार आठवला असेल. चूक तुमची नाही, शब्दाची आहे. आज बोलायचंय ते ताटातल्या नव्हे, रक्तातल्या प्रथिनाबद्दल. त्याचं नाव सी-थ्री. ते मुख्यतः यकृतात तयार होतं आणि रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण १ मिलिग्रॅम असतं.

हे नाव काही घरांत पोचलंही असेल. पोराची खरूज खाजवून पिकते. काही आठवड्यांनी सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी काळ्या चहासारखी होते. चुडाव्यासारख्या गावातून नांदेड गाठलं की तपासणीच्या कागदावर येतं : सी-थ्री कमी. ‘कमी’ दिसलं की आपण बीट आणि डाळिंब आणायला धावतो. पण ते खाण्यापिण्यावाचून आटलेलं नसतं, अंगातल्या झटापटीत खर्ची पडलेलं असतं.

या झटापटीचा महत्त्वाचा सुगावा १८९५ साली लागला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे हा बेल्जियन तरुण पटकीच्या जंतूंवर काम करत होता. लस टोचलेल्या जनावराचं जंतू मारणारं रक्तजल साधारण ५६ अंशांवर तापवलं की त्याची मारकशक्ती जाते, आणि लस न टोचलेल्या जनावराचं थोडं ताजं रक्तजल घातलं की परत येते, हे बोर्देंनी दाखवलं. म्हणजे आचेनं मरणारं काहीतरी त्यात होतं. त्याला ‘कॉम्प्लिमेंट’, म्हणजे पूरक, हे नाव एर्लिख या शास्त्रज्ञानं दिलं. बोर्देंना नोबेल मिळालं, १९१९ सालचं.

या पूरक प्रथिनांपैकीच एक असलेलं सी-थ्री काम कसं करतं? गवतातून चालताना धोतराला कुसळं चिकटतात ना, तसं. त्याच्या पोटात एक चिकट बंध दडलेला असतो. एक तुकडा कापला गेला की तो उघडा पडतो आणि निमिषाच्या आत जवळ जे सापडेल त्याला चिकटतो. काही सापडलं नाही तर पाण्यानं वाया जातो. जंतूला अशी कुसळं लागली की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, नाहीतर पुढची प्रथिनं येऊन त्याच्या कातडीला भोक पाडतात.

पण कुसळ धोतर कुणाचं ते पाहत नाही. थोडं सी-थ्री रक्तात सतत आपोआप उघडत असतं आणि आपल्याही पेशींना चिकटतं. आपल्या पेशी ते आणखी कापून निकामी करतात, बहुतेक जंतूंना ते जमत नाही. आपलं-परकं ठरतं ते इथे, चिकटण्यात नव्हे. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत थोर वाटतो तो हा निकामी करणारा हात.

नागाच्या विषात सी-थ्रीसारखाच एक पदार्थ असतो, आणि त्याला हा हात आवरू शकत नाही. सगळं सी-थ्री भराभर खर्ची पडतं. (माणूस दगावतो तो त्यानं नव्हे, श्वासाचे स्नायू लुळे पाडणारं विष वेगळं.)

काही विषाणूंनी तर ही निकामी करण्याची विद्याच चोरली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेनं कापोसीच्या कर्करोगाशी जोडलेल्या विषाणूचं असं प्रथिन अभ्यासलं. अशा कामाला शुद्ध केलेलं सी-थ्री लागतं. रक्तद्रवाच्या बाजारगर्दीत कुणी कुणाला कापलं ते कळत नाही. नळीत मोजकीच प्रथिनं ठेवली की चोर सापडतो.

याच साहूंनी त्याआधी, अमेरिकेत संशोधक लँब्रिस यांच्यासोबत, सी-थ्रीला धरून ठेवणारी १३ अमिनो आम्लांची एक लहान साखळी शोधली होती. ते १९९६ साल. काही माणसांच्या तांबड्या पेशींना कुसळं रोखणारी प्रथिनंच नसतात. पेशी फुटतात, लघवी काळपट होते. त्या साखळीतून घडवलेल्या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली २०२१ मध्ये. पंचवीस वर्षं लागली.

आता त्या सुजलेल्या पोराकडे येतो. त्याचं सी-थ्री बहुधा सहा ते आठ आठवड्यांत आपसूक पूर्ववत होतं. सूज उतरली, पोरगं खेळायला लागलं, म्हणून त्या मुदतीनंतरची दुसरी तपासणी टाळू नका. तेव्हाही आकडा खालीच असला, तर थेट मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना पहिला कागद सोबत न्या.