दूरचे विद्यापीठ आणि गावचा शिक्षक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



विद्यापीठ म्हटले की पूर्वी शहरातील दगडी इमारत, मोठे ग्रंथालय आणि व्याख्यानगृहात ओळीने बसलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर येत. आज तेच विद्यापीठ खेड्यातील माणसाच्या हातातील मोबाइलवर येऊन पोहोचले आहे. बारावीनंतर लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, दिवसभर शेतात राबणारा तरुण, पदविकेच्या बळावर नोकरीस लागलेला आणि पदवीची आस धरून असलेला साहाय्यक शिक्षक, ह्या सर्वांना घरबसल्या उच्च शिक्षणाचे निमंत्रण मिळू लागले आहे. हे निमंत्रण हाती पडल्यावर गावातील माणूस प्रथम ज्याच्याकडे विचारावयास जातो, तो बहुधा शाळेतील गुरुजी किंवा बाई असतात. ‘ही पदवी खरी का? आणि हे मला झेपेल का?’ असे दोन प्रश्न तो विचारतो. ह्या प्रश्नांच्या उत्तरावर त्या घरातील पैसा, वेळ आणि उमेद अवलंबून असते. म्हणून हे उत्तर अंदाजाने न देता समजून उमजून दिले जाणे आवश्यक आहे.

दूर राहून शिकण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. १८४० साली इंग्लंडमध्ये स्वस्त टपालसेवा सुरू झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन ह्यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने दिलेला उतारा लघुलिपीत उतरवून धाडावा आणि पिटमन ह्यांनी तो तपासून परत करावा, अशी ती रीत होती. १८५८ पासून लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षांचे दार वर्गात न बसणाऱ्यांनाही उघडले. भारतात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची शाखा काढली. ह्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. पिटमन ह्यांच्या पद्धतीचा प्राण पाठ पाठविण्यात नव्हता. पाठ तर छापील पुस्तकातही होता. तिचा प्राण तपासून परत येणाऱ्या कागदात होता.

ह्या तत्त्वाची मोठ्या प्रमाणावरील परीक्षा ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने घेतली. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन ह्यांनी नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या द्वारे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना ग्लासगो येथील भाषणात मांडली. पुढे ते पंतप्रधान झाल्यावर जेनी ली ह्या मंत्रिणीने ती कल्पना चिकाटीने तडीस नेली. १९६९ मध्ये विद्यापीठास सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. त्या पहिल्या तुकडीत व्यवसायवार पाहता सर्वांत मोठा गट शाळाशिक्षकांचा होता. प्रशिक्षण झालेले, परंतु पदवी नसलेले असे ते शिक्षक होते. दिवसा वर्ग घेऊन रात्री ते स्वतः विद्यार्थी होत असत.

ह्या विद्यापीठाचे व्याख्यान बी.बी.सी.वरून प्रसारित होई आणि बाहेरच्या जगास तेवढेच दिसे. प्रत्यक्षात अभ्यासाचा मुख्य भार घरी येणाऱ्या छापील पाठांवर होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस प्रयोगाचे साहित्य पेटीतून घरी मिळे. ठरावीक दिवशी स्वाध्याय पाठवावा लागे; त्यावर मार्गदर्शक शिक्षक केवळ गुण न देता कोठे चुकले आणि कसे सुधारावे हे लिहून पाठवी. गावोगावी अभ्यासकेंद्रे होती आणि उन्हाळ्यात निवासी वर्ग भरत. पहिलेच सत्र चालू होते न होते तोच ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप झाला आणि विद्यापीठास पर्यायी व्यवस्था करावी लागली. प्रसारण चालू असूनही पाठांची व स्वाध्यायांची ने-आण थांबताच विद्यापीठाची धांदल उडावी, ह्यावरून त्याचा खरा आधार कोणता होता हे उघड होते. पुढे तंत्र पालटले. बी.बी.सी.वरील अभ्यासक्रमांचे प्रसारण २००६ मध्ये संपले आणि त्यांची जागा इतर साधनांनी घेतली. मार्गदर्शकाने स्वाध्याय तपासण्याची प्रथा मात्र टिकून राहिली.

आता दुसरे उदाहरण पाहू जाता चित्र निराळे दिसते. २०११ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग ह्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता ह्या विषयाचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुला केला. जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदविले. एका वर्गात इतके विद्यार्थी कोणी पाहिले नव्हते. त्यांपैकी सुमारे २३ हजार शेवटपर्यंत पोहोचले. संख्या म्हणून हे यश थोर होते. प्रमाण म्हणून पाहिले तर सातांपैकी सहा जण वाटेत थांबले होते. ह्यानंतर २०१२ मध्ये अशा अभ्यासक्रमांच्या मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या आणि विद्यापीठांच्या इमारती आता ओस पडणार, असे भाकीत अनेकांनी केले.

ह्या भाकिताची कसोटी लवकरच लागली. २०१३ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने थ्रून ह्यांच्या युडॅसिटी ह्या संस्थेच्या साहाय्याने प्राथमिक गणित, बीजगणित व संख्याशास्त्र ह्यांचे अभ्यासक्रम अल्प शुल्कात ऑनलाइन चालविले. विद्यार्थ्यांत गणितात पूर्वी अनुत्तीर्ण झालेले आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही होते. निकाल लागला तेव्हा वर्गात बसून शिकणाऱ्यांच्या तुलनेत ह्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण पुष्कळच खाली आले आणि प्रयोग तूर्त थांबविण्यात आला. त्याच उन्हाळ्यातील पुढील तुकडीचा निकाल बराच सुधारला. परंतु तिच्यात आधीच पदवी मिळविलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्याला शिकावे कसे हे ठाऊक होते तो तरला. ज्याला कोणीतरी हात देण्याची गरज होती तो बुडाला.

ह्यावरून ऑनलाइन शिक्षण कुचकामी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र न्याय्य होणार नाही. जॉर्जिया टेक ह्या अमेरिकन संस्थेने २०१४ पासून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्णपणे ऑनलाइन देण्यास सुरुवात केली आणि अल्प खर्चात हजारो विद्यार्थ्यांना ती मिळाली. तेथे प्रवेश घेणारे पदवीधर असतात, स्वाध्याय तपासण्यास साहाय्यक शिक्षक नेमलेले असतात आणि परीक्षा कसून घेतली जाते. तंत्रज्ञानाचे गुणही स्पष्ट आहेत. न समजलेला भाग विद्यार्थी दहा वेळा पाहू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणासमोर संकोच करावा लागत नाही. एखाद्या विषयाचा उत्तम अध्यापक ज्या गावी कधी जाणार नाही, त्या गावी त्याचे शब्द जातात. काम आटोपल्यावर रात्री दहा वाजताही वर्ग भरू शकतो. तात्पर्य, साधन चांगले आहे; परंतु ते पाठ पोहोचविते, विद्यार्थ्यास धरून ठेवीत नाही. धरून ठेवण्याचे काम ठरलेला दिवस, तपासलेला स्वाध्याय, सोबतीचा विद्यार्थी आणि ‘या आठवड्यात का आला नाहीस?’ असे विचारणारा माणूस करीत असतो.

भारतातही ह्या मार्गाची पायाभरणी झालेली आहे. पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले व त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले ह्यांनी मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे ह्यांवर भर दिला. २००३ पासून आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनी एन.पी.टी.ई.एल. ह्या उपक्रमात आपले अभ्यासक्रम चित्रफितींच्या रूपाने सिद्ध करण्यास आरंभ केला. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ खुले झाले. त्यावर चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंकाचर्चा अशी चार अंगे असतात. शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यास एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करू देऊ शकते. इंटरनेट मंद असलेल्या गावांसाठी ‘स्वयम् प्रभा’ ह्या दूरचित्रवाणी वाहिन्याही आहेत.

चांगला ऑनलाइन पाठ कसा असतो, ह्याचाही शोध घेतला गेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्ड येथील एका प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे चित्रित व्याख्यान चार भागांत तोडून दाखविण्यात आले. एका गटास प्रत्येक भागानंतर लहानशी चाचणी दिली. त्या गटाचे मन भरकटण्याचे प्रमाण चाचणी न दिलेल्या गटाच्या निम्म्याच्याही खाली राहिले आणि त्यांनी टिपणेही अधिक घेतली. २०१४ मध्ये एडएक्सवरील अभ्यासक्रमांच्या पाहणीत असे आढळले की, चित्रफीत कितीही लांब असो, विद्यार्थी ती साधारणपणे सहा मिनिटांच्या पलीकडे लक्ष देऊन पाहत नाहीत. ह्या निष्कर्षांनी प्राथमिक शिक्षकास आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. हर्बार्टच्या पंचपदीवर पाठटाचण लिहिणाऱ्या पिढ्यांनी हेच केले आहे: थोडे सांगावे, लगेच विचारावे, उत्तर ऐकून पुढे जावे. विद्यापीठाचा वर्ग तंत्रज्ञानाच्या वाटेने फिरून अखेर प्राथमिक शाळेच्या रीतीपाशी येऊन ठेपला आहे.

ह्या सर्व विवेचनातून गावच्या शिक्षकाकडे तीन कामे येतात.

पहिले काम खातरजमेचे. ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने अभ्यासक्रम चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता लागते आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. मान्यता त्या संस्थेस, त्या अभ्यासक्रमास आणि त्या वर्षास आहे का, हे तिन्ही पाहिल्यावाचून शुल्क भरू देऊ नये. अशा रीतीने मिळविलेली मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीस समकक्ष असते. तथापि वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या ह्यांसारख्या प्रत्यक्ष कामावर आधारलेल्या पदव्या ऑनलाइन देण्यास आयोगाची मुभा नाही. ‘घरबसल्या नर्स व्हा’ अशी जाहिरात घेऊन एखादी माजी विद्यार्थिनी आली, तर तिला तेथेच थांबविणे हे तिच्या बापाची वर्षाची कमाई वाचविण्यासारखे आहे.

दुसरे काम सोबतीचे. गावात दोघे-तिघे जण असे शिक्षण घेत असतील तर आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून त्यांनी एकत्र बसावे, अशी तजवीज शिक्षकास करता येते. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती ह्यांच्या संमतीने शाळेची एक खोली त्यासाठी मिळू शकते. शिक्षकास तो विषय येत असलाच पाहिजे असे नाही. मागील आठवड्यात काय झाले, स्वाध्याय पाठविला का, उत्तर काय आले, एवढे विचारणारा कोणी असला म्हणजे निम्मे काम होते. स्त्रियांच्या बाबतीत ही दक्षता विशेष घ्यावी लागते. घरात मोबाइल एकच असतो आणि तो बहुधा तिच्या हाती सर्वांच्या शेवटी येतो. अभ्यासासाठी रोजचा एक तास तिचा असावा, हे घरच्या वडीलधाऱ्यांना शिक्षकाने समजावून सांगितले, तर त्या शब्दाला गावात आजही वजन आहे. जो शिक्षक स्वतः प्रवेश घेतो, त्यानेही आपला तास ठरवून घरी व सहकाऱ्यांना सांगून ठेवावा. न सांगितलेला तास इतर कामांखाली सहज गडप होतो.

तिसरे काम सर्वांत दूरचे, पण सर्वांत महत्त्वाचे आहे. सॅन होजेच्या प्रयोगात जे मागे पडले, ते तंत्रज्ञान कमी असल्यामुळे मागे पडले नाहीत. एकट्याने पुस्तक उघडून वाचणे, न समजलेली ओळ ओळखणे, तिचा प्रश्न करून विचारणे आणि ठरल्या दिवशी लिहून देणे, ह्या सवयी नसतील तर कोणत्याही यंत्राने त्या विशीत लागत नाहीत. त्या लागण्याचे वय तिसरी-चौथीचे आहे. आठवड्यातील एक तासिका मूक वाचनास द्यावी. वाचून झाल्यावर ‘काय समजले’ ह्याबरोबर ‘काय समजले नाही’ हेही मुलास लिहावयास सांगावे. वहीवर केवळ बरोबरची खूण न करता एक ओळ लिहून ती परत द्यावी आणि सुधारलेले पुन्हा पाहावे. पटसंख्या मोठी असेल तर रोज पाच वह्या घेतल्या तरी महिन्यात शंभर वह्यांवर शिक्षकाचा शब्द उमटतो. दोन शिक्षकी शाळेतही हे साधण्याजोगे आहे.

जी मुलगी आज चौथीच्या वर्गात न समजलेली ओळ निर्भयपणे विचारते, ती उद्या विद्यापीठ शेकडो मैल दूर असले तरी त्याच्याकडून शिकून घेईल. जिला तो धीर शाळेत मिळाला नाही, तिच्या हाती उद्या विद्यापीठाचे सर्व ग्रंथालय आले तरी पहिल्या अडलेल्या पानावर ती ते मिटून ठेवील. ह्या दोघींमधील अंतर टपालाने, दूरचित्रवाणीने वा इंटरनेटने पडत नाही. ते प्राथमिक शाळेच्या खोलीत पडते किंवा तेथेच भरून निघते. ह्या जाणिवेने येत्या सत्राच्या नियोजनात मूक वाचनाची तासिका आणि रोजच्या पाच वह्या ह्यांना प्रत्येक शाळेने स्थान द्यावे, इतकीच विनंती.