खातेबदलाचे पत्र : सावध लेखापाल



ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरीस गेले. तेथे चोरांनी संगणक यंत्रणा फोडली. कार्यालयांतून मात्र बहुधा माणसाचा विश्वासच फोडला जातो.

जालन्याची औद्योगिक वसाहत लोखंडी सळ्या आणि बियाणे यांसाठी ख्यातनाम आहे. सळईसाठी लागणारे भंगार दूरदूरहून येते आणि व्यवहार ई-मेलवर ठरतात. चोरटा नेमका येथेच दबा धरतो. पुरवठादाराचा पत्रव्यवहार तो गुपचूप वाचतो आणि देयकाची वेळ येताच लिहितो : 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.' भाषा ओळखीची, आकडे खरे. पत्त्यात एखादेच अक्षर निराळे. कधी मालकाच्याच नावाने 'बैठकीत आहे, रक्कम तातडीने पाठवा' असा संदेश येतो.

घाई आणि गुप्तता ही कपटाची लक्षणे होत. अशा वेळी पूर्वीपासून नोंद असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पत्रातील क्रमांकावर नव्हे. मोठ्या रकमेस दोघांची संमती असावी. आरटीजीएस व एनईएफटीने रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय १ एप्रिल २०२५ पासून उपलब्ध आहे. ग्रामपंचायती व शाळा यांनीही तिचा लाभ घ्यावा.

मालकास किंवा साहेबास उलट विचारणे हा लेखापालाचा उद्धटपणा नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. तसे विचारण्याची मोकळीक वरिष्ठांनीच त्यास दिली पाहिजे. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न राहता त्वरित बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम खात्याखात्यांतून झपाट्याने पुढे सरकते. म्हणून पहिल्या घटकेचे मोल मोठे आहे.