आमदाराचं उन्हाळी पत्र



आजच्या विषयाचं नाव ऐकून एका गृहस्थांनी मला दारातच विचारलं, "आमदार उन्हाळ्यात महाबळेश्वरहून पत्र पाठवतात, त्याबद्दल बोलणार का?" तसं काही नाही. मी सुरुवात करणार आहे ती बऱ्याच लांबून, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यापासून. तिथल्या विधानसभेत २०३ सदस्य आहेत. एका सदस्यामागे साधारण ६४ हजार माणसं. आपल्याकडे आमदार २८८ आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, म्हणजे एकामागे ३ लाख ९० हजार. हा फरक आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची सगळी तुलना आपल्या आमदारावर अन्याय करणारी होईल.

तर तिथला सदस्य उन्हाळ्याच्या तोंडावर मतदारसंघात एक पत्र पाठवतो. पूर्वी टपालानं, आता बहुधा ईमेलनं. त्यात राजधानी हॅरिसबर्गची बातमी असते. राज्याचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, अर्थसंकल्प तोवर मंजूर व्हायला हवा आणि तो पुष्कळदा होत नाही. २०२५ मध्ये तर नोव्हेंबर उजाडला. मग सदस्य आपल्या बाजूनं सांगतो की घोडं कुठं अडलं आणि कुणामुळं अडलं. हा भाग जरा सावधपणे वाचावा.

खरं वाचण्यासारखं असतं ते त्याच्या खाली. तिथं ६५ वर्षांवरच्या माणसांना, ५० वर्षांवरच्या विधवा-विधुरांना आणि अपंगांना, उत्पन्न कमी असेल तर, घरपट्टीतला किंवा घरभाड्यातला काही भाग राज्य परत करतं. जास्तीत जास्त नेहमीचा परतावा एक हजार डॉलर. हा पैसा मुख्यतः राज्याच्या लॉटरीतून आणि जुगाराच्या करातून येतो. त्यातलं नीतिशास्त्र आपण बाजूला ठेवू. अर्जाची मुदत ३० जून. ती बहुतेक वर्षी वाढवतात, पण पत्रात ३० जूनच ठळक छापतात, आणि ते शहाणपणाचं आहे. शेवटी एक ओळ असते: कागद घेऊन आमच्या कार्यालयात या, अर्ज आम्ही फुकट भरून देऊ. मतदारसंघातल्या कार्यालयातली माणसं त्या दिवसांत म्हाताऱ्यांचे अर्ज भरत बसतात. पक्ष कुठलाही असो, हे काम सगळे करतात.

मग बारीकसारीक गोष्टी. वृद्धांसाठी शेतकरी बाजारात चालणारी कुपनं. रानात फिरून आल्यावर अंगावर गोचीड शोधा, कारण तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. परवान्याशिवाय मासे धरता येतील असे दिवस. त्यातला एक ४ जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन. आणि एक प्रकार मला फार गमतीचा वाटतो: सदस्य मोठा ट्रक बोलावतात आणि लोकांनी घरातली जुनी बँकेची, विम्याची कागदपत्रं आणून त्यात बारीक करून घ्यायची, म्हणजे कुणाच्या हाती लागून फसवणूक व्हायला नको. आमदारानं रद्दीची सोय करायची! पण गर्दी होते.

यातली एकही गोष्ट तो सदस्य स्वतःच्या खिशातून देत नाही. लॉटरीचा पैसा राज्याचा, कुपनं सरकारी. तो फक्त सांगतो. अर्थात पत्रावर त्याचं नाव आणि हसरा फोटो असतोच, आणि दर दोन वर्षांनी निवडणूक लढवणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो. म्हणूनच निवडणूक जवळ आली की सरकारी खर्चानं अशी घाऊक पत्रं पाठवण्यावर तिथं बंधनं आहेत.

आता आपल्याकडे येऊ. अर्थसंकल्पीय अधिवेशन मार्चमध्ये संपतं, पावसाळी अधिवेशन जून-जुलैत. मधले दोन महिने आमदार मतदारसंघात असतो. लग्नं, जत्रा, सांत्वनाच्या भेटी. आणि तालुक्याची टंचाई आढावा बैठक, जिचा अध्यक्ष बहुधा आमदारच असतो. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे: पुढच्या रांगेत तहसीलदार, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, महावितरणचे साहेब, मागे ग्रामसेवक आणि सरपंच. टंचाई आराखडा तीन टप्प्यांत असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यात गाववार लिहिलेलं असतं: कुठली खासगी विहीर अधिग्रहित करायची, कुठं विंधन विहीर घ्यायची, कुठल्या नळयोजनेची दुरुस्ती, कुठं टँकर. म्हणजे मे महिन्यात आपल्या वाडीला पाणी कुठून येणार, याचं उत्तर एका कागदावर असतं, आणि तो कागद आमदाराच्या समोर टेबलावर असतो.

बैठक संपते. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? "आमदारांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरलं." फोटो. वाडीवरच्या बाईला मात्र कळत नाही की टँकरसाठी ग्रामपंचायतीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे जावा लागतो, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकारी पाहणी करतात, मग वरून मंजुरी येते. तिला हेही कुणी सांगत नाही की टंचाईत टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज २० लिटर असा धरलेला आहे, आणि जलजीवन मिशनच्या नळाला ५५ लिटर. हे आकडे तिला कळले तर ती हंडे मोजेल. मोजायला लागली की प्रश्न विचारेल.

आणि इथं माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. आमदारानं स्वतःचं नाव रंगवलेला टँकर पाठवला तर गाव त्याचं ऋणी राहतं. टँकर कसा मागायचा हे सांगितलं तर गाव पुढच्या वर्षी त्याच्याकडे येतच नाही. माहिती दिली की दारातली रांग कमी होते. आपल्याकडे ती रांग म्हणजेच वजन. माहिती आळसामुळं पोचत नाही असं आपण म्हणतो. मला त्यात आळसापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

असा हिशेब न करणारा माणूसही याच महाराष्ट्राच्या विधिमंडळात होऊन गेला. वि. स. पागे, विधान परिषदेचे दीर्घकाळचे सभापती. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली, १९७७ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याचा गाभा मागणीत आहे: माणसानं काम मागायचं, शासनानं पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पण मागायचं कसं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो कायदा छापील कागदच राहिला.

शाळेच्या जेवणाचंही तसंच. पेनसिल्व्हेनियात सुट्टीत गरीब मुलांना जेवण मिळतं. २०२४ पासून घरी शिधा घ्यायला एका मुलामागे १२० डॉलरही मिळू लागले, आणि पत्रात त्याची सूचना असते. आपल्याकडे दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २० एप्रिल २००४ चा आहे. या सभागृहात किती पालकांनी तो ऐकला होता? हात वर करू नका, उत्तर दिसतंय.

उष्माघाताबद्दल तर आमदारानं आधी स्वतःला पत्र लिहावं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या सोहळ्यात उन्हानं १४ माणसं गेली. मैदानातले कार्यक्रम कुठल्या वेळी ठेवायचे हे आपले लोकप्रतिनिधी ठरवतात, हवामान खातं ठरवत नाही. हवामान खातं आकडे देतं. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो, किनारपट्टीवर ३७ पुरतो. म्हणजे चंद्रपूरच्या आमदाराचं पत्र रत्नागिरीच्या आमदाराला जसंच्या तसं उतरवता येणार नाही. बरंच आहे.

काय काय लिहिता येईल? मे महिन्यात तहसीलबाहेर उभ्या असलेल्या पोरांना विचारा: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जातपडताळणी, कुठला कागद आधी काढायचा. कापसाची लागवड १ जूनच्या आधी करू नका, बोंडअळीला आयतं खाद्य मिळतं. वळवाच्या पावसात वीज पडून माणसं मरतात, त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं दामिनी नावाचं ॲप केलेलं आहे. पाठपोट एक कागद. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानात, एसटीच्या थांब्यावर लावायचा. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. हा कागद त्यात बसत नसेल तर वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या पैशांत बसेल.

आणि आमदार देत नसेल तर? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, कुणी मागितली नाही तरी अशी माहिती उघड करणं कार्यालयांचं काम आहे. या व्याख्यानमालेचे कार्यकर्ते उद्या सकाळी तहसीलमध्ये जाऊन आपल्या तालुक्याचा एप्रिल ते जूनचा आराखडा मागू शकतात. पुढच्या व्याख्यानाच्या आधी दहा मिनिटं तो इथं मोठ्यानं वाचला, तर वक्त्यांची हरकत असेल असं मला वाटत नाही.